उंचीचं इंजेक्शन : सुरू करण्याआधी आणि सुरू असताना

फाइल आवरून वडील बाहेर पडलेले असतात, मूल जिन्यापर्यंत पोचलेलं असतं, आणि आई दारातच थांबून हळूच विचारते, "डॉक्टर, याने पुढे काही होणार नाही ना?" मुलाला ग्रोथ हार्मोन सुचवलं की हा प्रश्न येतोच. रोज रात्री एक सुई, तीही पाच-सात वर्षं, कधी दहा. कुणाचंही काळीज हलेल. मी बालरोगतज्ज्ञ आहे. हा प्रश्न दारात उभ्याउभ्या विचारायचा नाही आणि उभ्याउभ्या उत्तर देण्यासारखाही नाही, म्हणून हा लेख.

उत्तर आधी देतो. ज्या मुलाच्या शरीरात हे हार्मोन खरोखरच कमी तयार होतं, त्याला ते वजनाप्रमाणे मोजून दिलं आणि दर तीन-चार महिन्यांनी त्याची नीट तपासणी झाली, तर हे औषध सुरक्षित आहे. आजचं हार्मोन 1985 पासून मुलांना दिलं जातंय. त्या काळात उपचार घेतलेली मुलं आता पन्नाशीकडे झुकली आहेत. पण वरच्या वाक्यातली एकेक अट महत्त्वाची आहे. मी जे त्रास पाहिले, ते बहुतेक यातली एखादी अट गळून पडल्यामुळे झाले.

भीतीचं एक मूळ खरं आहे, ते आधी सांगायला हवं. 1958 साली बोस्टनमधल्या मॉरिस रॅबेन यांनी एका खुज्या मुलाला मानवी ग्रोथ हार्मोन देऊन त्याची उंची वाढल्याचं जाहीर केलं. तेव्हा हे हार्मोन कारखान्यात बनत नव्हतं. मृत माणसांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथी गोळा करून त्यातून ते काढत. हजारो ग्रंथी एकत्र वाटल्या जायच्या, आणि त्यातली एखादी जरी रोगट असली तरी सगळ्या साठ्यात दोष जायचा. तसंच झालं. 1985 मध्ये अमेरिकेत असे उपचार घेतलेले काही तरुण क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदू पोखरणाऱ्या असाध्य रोगाने दगावल्याचं लक्षात आलं, आणि त्या एप्रिलमध्ये तिथलं वाटप थांबलं. फ्रान्समध्ये तर शंभराहून अधिक जीव गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने प्रयोगशाळेत, जिवाणूंच्या मदतीने बनवलेल्या हार्मोनला परवानगी दिली. यात मृतदेहाचा संबंधच नाही, म्हणून तो रोग यातून होण्याचा मार्गही नाही.

2024 च्या जानेवारीत लंडनच्या संशोधकांनी लिहिलं की बालपणी ते जुनं, मृतदेहातून काढलेलं हार्मोन घेतलेल्या पाच जणांना पुढे अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश झाला. ती बातमी आपल्याकडच्या फोनांवरही फिरली. फिरता फिरता 'जुनं' आणि 'मृतदेहातून काढलेलं' हे शब्द गळून पडले, आणि दोन घरांनी माझ्याकडे येऊन इंजेक्शन बंद करायचं ठरवलं. बातमीचा मूळ मजकूर समोर ठेवून वाचल्यावर दोघांनीही पुन्हा सुरू केलं. तुमच्याकडेही तो संदेश आला असेल तर एवढंच तपासा की त्यात कुठल्या काळातल्या हार्मोनबद्दल लिहिलंय.

आता मुख्य गोष्ट. या औषधाच्या सुरक्षेचं अर्धं काम पहिली सुई टोचण्याआधीच होतं, म्हणजे ते द्यायला हवं की नको हे ठरवण्यात. आणि त्याची सुरुवात तुमच्या घरातल्या भिंतीपासून होते. मुलाला बूट-मोजे काढून भिंतीला टेकवून उभं करा. टाचा, कुल्ले आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला लागायला हवा, नजर समोर. डोक्यावर काटकोनात जाड पुस्तक धरा आणि पेन्सिलीने खूण करा. दर वेळी साधारण एकाच वेळेला मोजा, कारण सकाळी मोजलेलं मूल संध्याकाळी जवळजवळ एक सेंटिमीटर कमी भरू शकतं. तीन-तीन महिन्यांनी मोजत राहा आणि खुणेशेजारी तारीख लिहा. एका वेळची उंची फार थोडं सांगते. वर्षभरात मूल किती वाढलं यात खरी माहिती असते. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत निरोगी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. चारपेक्षा कमी वाढत असेल तर ते वर्गात कितव्या नंबरला उभं राहतं हे न बघता दाखवायला आणा.

डॉक्टरांनी ती मापं वाढीच्या तक्त्यावर मांडायला हवीत, आणि तक्ता आपल्या मुलांचा हवा. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे 5 ते 18 वर्षांसाठीचे सुधारित तक्ते 2015 मध्ये आले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर पुढे होते. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते वापरतात. परदेशातला जुना तक्ता लावला की आपली धडधाकट मुलंही उगाच 'बुटकी' ठरतात. त्याच तक्त्यावर आईवडिलांची उंचीही मांडायची असते. दोघांची उंची मिळवा. मुलगा असेल तर 13 मिळवा, मुलगी असेल तर 13 वजा करा, आणि निम्मे करा. वडील 168 आणि आई 150 सेंटिमीटर असतील तर मुलाचा अंदाज 165.5, मुलीचा 152.5. त्याच्या आजूबाजूला आठेक सेंटिमीटर कमी-जास्त चालतं. या घरातल्या मुलाने 180 चं स्वप्न पाहून इंजेक्शन मागितलं तर मी नाही म्हणेन, आणि तुमच्या डॉक्टरांनीही नाही म्हणावं.

उंची खुंटण्याची कारणं बरीच आहेत, आणि ग्रोथ हार्मोनची कमतरता त्यातलं दुर्मिळ कारण आहे. थायरॉइड मंद असतं. रक्त कमी असतं. पोटात जंत, जुना क्षय, किडनीचा किंवा हृदयाचा आजार असतो. दम्यासाठी किंवा त्वचेसाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड चाललेलं असतं. कधी गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजलेलं असतं. त्या मुलाची पोळी बंद करून भाकरी सुरू केली की ते आपोआप वाढू लागतं. मुलगी असेल आणि दुसरं कारण दिसत नसेल तर गुणसूत्रांची तपासणी टाळू नका. टर्नर सिंड्रोमच्या किती तरी मुली दिसायला चारचौघींसारख्याच असतात. आणि काही मुलं नुसती उशिरा वाढणारी असतात. "मी दहावीपर्यंत पहिल्या बाकावर बसायचो, कॉलेजात गेल्यावर शर्ट पुरेनासे झाले," असं वडिलांनी सांगितलं की माझा निम्मा संशय तिथेच फिटतो. डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघितलं की उरलेलाही फिटतो.

हे सगळं पार पडल्यावरच हार्मोनची तपासणी. नुसतं कधीही रक्त काढून ग्रोथ हार्मोन मोजण्याला काही अर्थ नाही. ते दिवसभर सारखं वाहत नाही. लाटांनी येतं, आणि मोठ्या लाटा झोपेत येतात. दुपारी बारा वाजता ते निरोगी मुलातही जवळजवळ शून्य सापडतं. तशा एका रिपोर्टवर कुणी इंजेक्शन लिहून दिलं तर दुसरं मत घ्या. योग्य पद्धत म्हणजे औषध देऊन ग्रंथीला ढोसायचं आणि दोन तास अर्ध्या-अर्ध्या तासाने रक्त बघायचं. अशा दोन वेगवेगळ्या चाचण्या सहसा लागतात. या चाचणीलाही जपावं लागतं. क्लोनिडीन देऊन केलेल्या चाचणीनंतर रक्तदाब उतरतो, मूल पेंगतं; त्याला पाजून-भरवून, बसतं-चालतं झाल्यावर घरी न्या, आणि स्कूटरवर पुढे उभं करून तर मुळीच नेऊ नका. इन्सुलिन देऊन केलेल्या चाचणीत साखर मुद्दाम खाली आणतात. ती फक्त रुग्णालयात, शिरेत सुई लावलेली आणि डॉक्टर खाटेशेजारी उभे असताना करायची.

कमतरता ठरली की मेंदूचा एमआरआय. ग्रंथी काम का करत नाही हे बघायला, आणि तिथे गाठ तर नाही ना याची खात्री करायला. गाठ असेल तर आधी तिचा निकाल. सोबत थायरॉइड, सकाळचं कॉर्टिसोल, साखर, पाठीचा कणा. आईवडील विचारतात, एवढ्या तपासण्या कशाला, पैसे काढायला का? त्यांचं कारण सांगतो. ग्रोथ हार्मोन सुरू झालं की आत दबून राहिलेली थायरॉइडची किंवा कॉर्टिसोलची कमतरता उघडी पडू शकते. आधी माहीत असेल तर एक गोळी पुरते. माहीत नसेल तर साध्या उलट्या-जुलाबांत मूल कोसळू शकतं.

हार्मोनचं सगळं बरोबर असलेल्या, नुसत्या बुटक्या मुलाचं काय? अमेरिकेने 2003 मध्ये अशा मुलांसाठीही परवानगी दिली, पण शंभरांतल्या सगळ्यांत बुटक्या एखाद-दुसऱ्यासाठीच. युरोपने दिली नाही. कित्येक वर्षं रोज टोचून अशा मुलांच्या अखेरच्या उंचीत सरासरी चार-सहा सेंटिमीटरांची भर पडते, काहींच्यात त्याहून कमी. माझं मत सांगतो: मूल आनंदात असेल आणि दुःख फक्त मोठ्यांचं असेल, तर नको. पोलीस भरतीसाठी, लग्नासाठी, क्रिकेटसाठी म्हणून नऊ वर्षांच्या मुलाला हजारो सुया टोचायचा अधिकार आपल्याला नाही. हाडांची वाढ थांबल्यावर तर हे औषध उंची देतच नाही. आणि वर्तमानपत्रांतल्या उंची वाढवणाऱ्या पावडरी? 1954 चा औषधे आणि जादूचे उपाय कायदा ज्या तक्रारींसाठी जाहिरात करायला मनाई करतो, त्या यादीत उंची नाव घेऊन आहे. म्हणजे ती जाहिरात छापलेली असते तिथेच कायदा मोडलेला असतो.

इंजेक्शन सुरू झालं. आता डोळे उघडे ठेवायचे दिवस.

पहिल्या काही आठवड्यांत डोकेदुखीकडे लक्ष ठेवा. साधं डोकं बऱ्याच मुलांचं दुखतं आणि थांबतं. पण डोकेदुखी रोज येत असेल, सकाळी उठल्यावर जास्त असेल, सोबत उलटी होत असेल, किंवा मूल म्हणत असेल की फळ्यावर दोन-दोन अक्षरं दिसतात, तर त्या रात्रीचं इंजेक्शन देऊ नका आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. कवटीतला दाब वाढल्याची ती खूण असू शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांना बाहुली मोठी करून पडदा बघावा लागतो. औषध थांबवलं की दाब सहसा उतरतो, आणि पुढे कमी डोसवर पुन्हा सुरू करता येतं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून महिनाभर वाट बघितली तर मात्र नजर जाऊ शकते.

दुसरी खूण लंगडण्याची. हिच्यावर थोडं थांबतो, कारण ही मी हुकलेली पाहिलीय. बारा वर्षांचा मुलगा, इंजेक्शन सुरू होऊन दीड वर्ष झालेलं, उंची छान चढत होती. त्याचा डावा गुडघा दुखायला लागला. घरच्यांना वाटलं कबड्डीत मुरगळला. गावाजवळ एका ठिकाणी गुडघ्याचा एक्स-रे झाला, तो साफ आला, मलम आणि क्रेप बँडेज मिळालं. पाच आठवड्यांनी तो नेहमीच्या तपासणीला माझ्याकडे आला तेव्हा पाऊल बाहेर वळवून चालत होता. टेबलावर झोपवून मी गुडघा छातीकडे नेला, तर मांडी आपोआप बाहेर गेली. दुखणं गुडघ्यात नव्हतंच. खुब्याच्या हाडाचं डोकं आपल्या जागेवरून घसरलं होतं, आणि खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवणं हे मुलांमध्ये नेहमीचं आहे. त्याच दिवशी त्याला उचलून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, स्क्रू बसला. आज तो चालतो, पण पाच आठवडे आधी आला असता तर पाय आणखी चांगला राहिला असता. झपाट्याने वाढणाऱ्या, विशेषतः वजनदार मुलांत आणि हार्मोनची कमतरता असलेल्यांत हे जास्त घडतं. म्हणून लक्षात ठेवा: इंजेक्शन चालू असलेलं मूल लंगडू लागलं, किंवा मांडी-गुडघा दुखतो म्हणू लागलं, तर त्याला चालवत नेऊ नका, आणि एक्स-रे खुब्याचा मागा. तुम्हीच मागा, समोरच्याला इंजेक्शनबद्दल माहीत असेलच असं नाही.

पाठीचा कणा वाकडा असेल तर वाढीच्या वेगाबरोबर त्याची वाकही वाढते. आंघोळ घालताना मुलाला पुढे वाकवून मागून बघा, एक फरा वर दिसतो का. टर्नर आणि प्रेडर-विली हे जन्मजात विकार असलेल्या मुलांत हे हमखास बघायचं. साखरेचं आपल्या घरांत वेगळं सांगायला नको. हे हार्मोन इन्सुलिनचा जोर थोडा कमी करतं. बहुतेक मुलांचं शरीर ते भरून काढतं, पण घरात मधुमेह असेल, मूल लठ्ठ असेल, मानेची मागची कातडी काळी आणि मखमलीसारखी जाड झाली असेल, तर वर्षातून एकदा-दोनदा साखर आणि एचबीए-वन-सी बघायलाच हवी. रात्री लघवीला उठणं, सारखी तहान लागणं दिसलं तर तारखेची वाट न बघता तपासा. पोटात वरच्या बाजूला जोराची, पाठीत जाणारी कळ दुर्मिळ आहे, पण ती आली तर स्वादुपिंड तपासायला सांगा.

प्रेडर-विली असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी एवढा परिच्छेद दोनदा वाचावा. या मुलांना हे हार्मोन खूप उपयोगी पडतं, स्नायूंना बळ येतं, चरबी घटते. पण 2003 च्या सुमारास अतिलठ्ठ, घोरणाऱ्या किंवा श्वासाला अडथळा असलेल्या अशा काही मुलांचे उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत मृत्यू झाल्याचं नोंदलं गेलं. तेव्हापासून पद्धत ठरली आहे: सुरू करण्याआधी टॉन्सिल-अॅडेनॉइड बघायचे, झोपेतला श्वास तपासायचा, आणि सुरू केल्यावर घोरणं वाढलं किंवा छातीत कफ झाला तर औषध थांबवून लगेच दाखवायचं.

डोसबद्दल. डोस मुलाच्या वजनाप्रमाणे असतो. हार्मोन कमी असलेल्या मुलाला दिवसाला किलोमागे साधारण 25 ते 35 मायक्रोग्रॅम. म्हणजे वीस किलोच्या मुलाला अर्धा ते पाऊण मिलिग्रॅमच्या आत. टर्नरसाठी थोडा जास्त लागतो. घोळ होतो तो युनिट आणि मिलिग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे तीन युनिट. कंपनी बदलली, पेन बदलला, आणि 'दीड'चा आकडा तसाच ठेवला तर मुलाला तिप्पट किंवा तिसरा हिस्सा डोस जातो. चिठ्ठीवर आकड्यापुढे एकक लिहिलंय का ते दुकानात शिरण्याआधी वाचा. दर वेळी वजन करून डोस नव्याने ठरवून घ्या, आणि वर्षातून एक-दोनदा आयजीएफ-वन ही रक्ततपासणी करा. ती वयाच्या मानाने वरच्या मर्यादेपलीकडे गेली तर डोस कमी करायचा, मूल कितीही छान वाढत असलं तरी.

हे एवढ्या आग्रहाने का, तर 2010 च्या डिसेंबरमधली गोष्ट आठवते. फ्रान्समध्ये 1985 ते 1996 या काळात उपचार सुरू केलेल्या सुमारे सात हजार मुलांचा पुढे मागोवा घेतला, तेव्हा 70 मृत्यू अपेक्षित होते तिथे 93 सापडले, आणि दिवसाला किलोमागे 50 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त डोस घेतलेल्यांत धोका अधिक दिसला. आम्ही सगळेच हादरलो. अमेरिकेच्या आणि युरोपच्या औषध नियामकांनी माहिती तपासली. 2011 मध्ये दोघांनीही उपचार थांबवायला सांगितलं नाही, पण युरोपने ती 50 ची मर्यादा ओलांडू नका असं पुन्हा बजावलं. पुढे आठ युरोपीय देशांतल्या सुमारे 24 हजार जणांची नोंद एकत्र झाली आणि 2020 मध्ये निष्कर्ष आला: फक्त ग्रोथ हार्मोनची कमतरता असलेल्या किंवा कारण न सापडलेल्या बुटक्या मुलांत मृत्यूचं प्रमाण वाढलेलं नाही. जन्मतःच वजनाने फार लहान असलेल्यांत थोडं वाढलेलं दिसलं, आणि ज्यांना मुळातच कॅन्सर किंवा दुसरा गंभीर आजार होता त्यांच्यात जास्त. म्हणून तुमचं मूल कुठल्या गटात बसतं हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. 'सगळ्यांना चालतं' हे उत्तर पुरेसं नाही.

कॅन्सरचा प्रश्न बहुतेकांच्या ओठांवर असतो, पण विचारत कुणी नाही. वाढवणारं हार्मोन गाठही वाढवेल का? चालू असलेल्या कॅन्सरमध्ये हे औषध द्यायचंच नाही, यावर दुमत नाही. ज्याला कधी कॅन्सर नव्हता, त्याच्यात ते नव्याने कॅन्सर करतं असं त्या युरोपीय नोंदींतूनही दिसलं नाही. ज्या मुलाचा कॅन्सर बरा झालाय आणि डोक्याला दिलेल्या किरणांमुळे ग्रंथी बिघडलीय, त्याच्यासाठी सहसा उपचार संपून एक वर्ष स्वच्छ गेल्यावर, कॅन्सरच्या डॉक्टरांच्या संमतीने सुरू करतात. अशा मुलांत दुसरी गाठ होण्याचा धोका किरणांमुळे मुळातच असतो; हार्मोन असो वा नसो, त्यांचे स्कॅन चुकवायचे नाहीत.

ज्यांना ग्रोथ हार्मोनबरोबर कॉर्टिसोलचीही कमतरता आहे, त्यांच्यासाठी सगळ्यांत मोठा धोका इंजेक्शनचा नाहीच, तापाचा आहे. जुन्या काळी उपचार घेतलेल्यांचा पुढे मागोवा घेतला तेव्हा दिसलं की त्यांच्यातले कित्येक मृत्यू कॉर्टिसोल कमी पडून आणि साखर उतरून झाले होते, आणि ते टाळता आले असते. ताप आला की हायड्रोकॉर्टिसोनची गोळी दुप्पट-तिप्पट करायची, उलटीमुळे गोळी टिकत नसेल तर ते इंजेक्शनने द्यायचं. डॉक्टरांकडून हे कागदावर लिहून घ्या, एक प्रत दप्तरात, एक शाळेत, एक आजी-आजोबांकडे. मूल अतिदक्षता विभागात जाण्याइतकं आजारी पडलं तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा की ग्रोथ हार्मोन चालू आहे. ते तेवढ्यापुरतं थांबवतात. साध्या सर्दी-तापात सहसा चालू ठेवतात.

सुईचं तंत्र पहिल्या आठवड्यात हाताला बसतं. नवी सुई, पेन उभा धरून टोकाशी एक थेंब दिसेपर्यंत दाबायचं, मग आकडा लावायचा. मांडी, पोट, कुल्ला, जागा रोज बदलायची. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की तिथली चरबी झिजून खड्डा पडतो. दाबल्यावर मनात दहा मोजून मगच सुई काढायची. माझ्याकडे येणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलीने आकडे मोठ्याने मोजायचं काम स्वतःकडे घेतलंय. सातवर आली की आवाज थोडा हलतो, दहावर ती आईचा हात सोडते. एखाद्या रात्री राहून गेलं तर दुसऱ्या रात्री दुप्पट द्यायचं नाही.

औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं. फ्रीजच्या दारात नको, वरच्या बर्फाच्या कप्प्याजवळ तर अजिबात नको. एका घरी वर्षभर इंजेक्शन चुकलं नव्हतं आणि मुलगा तीनच सेंटिमीटर वाढला होता. फ्रीजमध्ये पेन कुठे ठेवता विचारलं, तेव्हा कळलं की बर्फाच्या ट्रेला चिकटून. गोठलेलं हार्मोन पुन्हा पातळ झालं तरी कामाचं राहत नाही, आणि दिसायला ते पाण्यासारखंच दिसतं. वीज तासन् तास जात असेल तर फ्रीज उघडू नका. लांबणार असेल तर थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या आणि पेन यांच्यामध्ये टॉवेलची घडी ठेवा. एसटीच्या प्रवासातही तीच पद्धत, आणि बॅग बसच्या टपावर किंवा डिकीत नको, मांडीवर. वापरायला काढलेल्या बऱ्याच पेनांना 28 दिवसांची मुदत असते. तुमच्या पेनाची किती ते माहितीपत्रकात बघून पेनावरच पट्टी चिकटवून तारीख लिहा. औषध नेहमीच्या, बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. व्यायामशाळांच्या आडून विकलं जाणारं स्वस्त हार्मोन मुलाला देणं म्हणजे बाटलीत काय आहे हे न बघता देणं.

आठवड्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन आता आलंय. अमेरिकेने मुलांसाठी अशा पहिल्या औषधाला 2021 च्या ऑगस्टमध्ये मान्यता दिली. मुलाच्या दृष्टीने ती मोठी सुटका आहे. पण रोजच्या इंजेक्शनमागे चार दशकांची नोंद आहे, याच्यामागे थोड्या वर्षांची. तसंच यात आयजीएफ-वनचं रक्त आठवड्याच्या कुठल्या दिवशी काढायचं हे ठरलेलं असतं, नाहीतर आकडा फसवतो. रोजच्या सुईमुळे दर आठवड्याला दोन-तीन डोस चुकत असतील, तर मी आठवड्याच्या इंजेक्शनकडे वळेन.

खर्चाचंही सुरक्षेशी नातं आहे. पैसे संपले म्हणून डोस अर्धा करणं, महिनाआड देणं, हे मी पाहिलंय. त्याने मूल वाढत नाही आणि सुया मात्र टोचल्या जातात. सुरू करण्याआधीच पुढल्या पाच वर्षांचा हिशेब मांडा. सिद्ध झालेली ग्रोथ हार्मोनची कमतरता, टर्नर आणि प्रेडर-विली यांवरचा हा उपचार केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात आहे. त्यासाठी ठरवलेल्या केंद्रांतून 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र आहे. कागद लवकर जमवायला लागा, कारण हाडं कागदांसाठी थांबत नाहीत.

थांबायचं कधी? वर्षाची वाढ दोन सेंटिमीटरच्या खाली गेली, किंवा हाडाचं वय मुलीत चौदाच्या आणि मुलात सोळाच्या आसपास पोचलं की. पहिल्या वर्षी नीट देऊनही उंचीचा वेग वाढला नाही, तर निदान चुकलंय का हे पुन्हा तपासायचं. डोस चढवत राहायचं नाही. थांबवल्यावर एक-तीन महिन्यांनी हार्मोनची चाचणी पुन्हा करतात. एकट्या ग्रोथ हार्मोनची कमतरता असलेल्या बऱ्याच मुलांची मोठेपणी ती नाहीशी झालेली आढळते. ज्यांची राहते त्यांना हाडांसाठी आणि स्नायूंसाठी छोट्या डोसची पुढेही गरज असू शकते.

आणि फाइल टाकू नका. पहिल्या दिवसापासूनची उंची, वजन, डोस एककासह, औषधाचं नाव आणि पेनाच्या खोक्यावरचा बॅच नंबर, एमआरआयची सीडी, आयजीएफ-वनचे आकडे, सगळं तारखेने लावून ठेवा. तुमचं मूल अठरा वर्षांचं झालं की ती त्याच्या हातात द्या, आणि त्याला कधी, किती आणि का इंजेक्शन दिलं होतं हे त्याच्याशी बसून वाचा. चाळिसाव्या वर्षी एखादा डॉक्टर त्याला विचारेल, तेव्हा तुम्ही शेजारी असालच असं नाही.